साउंड बाथ म्हणजे काय? त्याने बरं वाटतं की बरं होतं?

इन्स्टाग्रामवर थोडा वेळ घालवला तरी हे दृश्य आता हमखास समोर येतं. मंद दिवे, जमिनीवर ओळीने अंथरलेल्या योगा मॅट, डोळ्यांवर पट्टी घेऊन उताणी पडलेली वीस-पंचवीस माणसं आणि त्यांच्यासमोर पांढऱ्याशुभ्र वाडग्यांच्या घोळक्यात मांडी घालून बसलेली एक व्यक्ती. ती वाडग्याच्या काठावरून हळूच दांडी फिरवते आणि लांबलचक, घुमणारा आवाज सुरू होतो. खाली कॅप्शन असतं : ताण घालवा, शांत झोपा, चक्रं शुद्ध करा, पेशी दुरुस्त करा.

याला म्हणतात साउंड बाथ. नावात 'बाथ' असला तरी पाण्याचा थेंबही लागत नाही. आवाजात न्हाऊन निघायचं, एवढाच त्याचा अर्थ. मुंबई, पुणे, गोवा इथे अशी सत्रं आता नियमित होतात आणि त्यांचं शुल्क काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत असतं. कुणी वीकेंडचा वेगळा अनुभव म्हणून जातं, कुणाला ऑफिसच नेतं. पण काही माणसं तिथे आजार घेऊन जातात. मायग्रेन, निद्रानाश, नैराश्य, कधी कधी कर्करोगही. म्हणून त्या कॅप्शनमधली चार वाक्यं एका दमात वाचून चालत नाही. पहिल्या दोन वाक्यांत तथ्य आहे. शेवटच्या दोन वाक्यांचं तसं नाही.

तासाभरात नेमकं काय घडतं?

सत्र साधारण ४५ मिनिटं ते तासभर चालतं. आल्यावर मोबाइल बंद करायला सांगतात, पांघरूण देतात, शवासनात झोपवतात. सुरुवातीला काही मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं जातं आणि मग बोलणं थांबतं. पुढे फक्त आवाज. धातूचे 'सिंगिंग बाऊल', काचेसारखे दिसणारे क्वार्ट्झचे बाऊल, भलामोठा गाँग (शाळेत टोल द्यायची थाळी असते तिचा थोरला भाऊ), बारीक किणकिणणाऱ्या नळ्या, पावसाच्या सरीसारखा आवाज करणारी दाण्यांनी भरलेली बांबूची नळी. काही ठिकाणी तानपुराही असतो.

या सगळ्यात चाल नसते आणि ठेकाही नसतो. गाणं ऐकताना मन नकळत पुढच्या ओळीची, समेची वाट पाहत असतं. इथे वाट पाहायला काही नाही. एक सूर उमटतो, विरत जातो, त्यावर दुसरा येऊन बसतो. त्यामुळे अनेकांना वेळेचं भान राहत नाही. तास संपला तेव्हा दहाच मिनिटं झाली असं वाटलं, ही प्रतिक्रिया फार नेहमीची. काही जण चक्क घोरतात आणि ते कुणी मनावर घेत नाही. काहींना मात्र कंटाळा येतो, पाठ दुखते, गाँगचा आवाज अंगावर येतो. रीलमध्ये हे लोक दिसत नाहीत.

वाडगा गातो कसा?

धातूचे बाऊल बनतात काशापासून. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू, ज्यात तांबं तीन चतुर्थांशापेक्षा थोडं जास्त असतं. देवळातली घंटा, जेवायची काशाची थाळी, उन्हाळ्यात तूप लावून तळपाय घासायची काशाची वाटी, ही सगळी याच कुळातली. हा धातू कडक असतो आणि त्याला दिलेली ऊर्जा तो सहजासहजी गिळत नाही. म्हणून काशाच्या भांड्याला चमचा लागला तरी खणखणीत नाद बराच वेळ टिकतो. स्टीलच्या वाटीचा आवाज त्यामानाने पटकन मरतो.

बाऊल 'सप्तधातूंचा' असतो, त्यात सोनं-चांदीही असते, सात धातू म्हणजे सात ग्रह, असं दुकानदार हमखास सांगतात. जुन्या वाडग्यांच्या रासायनिक तपासण्यांत मात्र तांबं आणि कथीलच सापडलं आहे. बाकीचे धातू असलेच तर खनिजातून चुकून आलेल्या अशुद्धीएवढे.

वाडग्यावर टोला पडला की त्याचा गोल काठ डोळ्यांना दिसणार नाही इतका किंचित लंबगोल होतो, मग उलट्या दिशेने लंबगोल होतो, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. वाडगा हाताने ठोकून घडवलेला असेल तर त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते. त्यामुळे एकाऐवजी दोन अगदी जवळचे सूर एकाच वेळी निघतात. समजा एक सेकंदाला २०० कंपनांचा आणि दुसरा २०३ कंपनांचा. हे दोन सूर एकमेकांत मिसळले की आवाज सेकंदाला तीनदा चढतो आणि उतरतो. बाऊलचा तो ओळखीचा 'वाँऽवाँऽवाँ' हाच.

तानपुरा जुळवणाऱ्यांना हे नवीन नाही. जोडाच्या दोन तारा जवळजवळ सुरात आल्या की असंच आंदोलन ऐकू येतं, आणि तारा नेमक्या जुळल्या की ते थांबतं. बाऊलमध्ये ते थांबतच नाही, कारण दोन्ही सूर एकाच धातूत कोरलेले असतात.

काठावरून दांडी फिरवल्यावर आवाज येतो त्यामागे व्हायोलिनचं तत्त्व आहे. गज तारेला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. दांडीचंही तसंच. वाडग्यात पाणी घालून हा प्रयोग केला तर पाण्यावर नक्षी उमटते आणि नंतर थेंब उडू लागतात. बेल्जियममधल्या लीज विद्यापीठाचे डेनिस टरवाग्ने आणि एमआयटीचे जॉन बुश यांनी २०११ मध्ये यावर गणितासह शोधनिबंध लिहिला. बाऊलवरच्या संशोधनात भौतिकशास्त्राची बाजू अशी भक्कम आहे. वैद्यकाची बाजू तितकी नाही, त्याकडे पुढे येऊच.

आणि ते पांढरे, दुधी क्वार्ट्झचे बाऊल? त्यांचा जन्म हिमालयात झालेला नाही, तो झाला कारखान्यात. संगणकाच्या चिपसाठी लागणारं सिलिकॉन अतिउष्ण तापमानाला वितळवायला अतिशुद्ध क्वार्ट्झच्या मुशी लागतात. सोनार सोनं वितळवतो तशीच मूस, फक्त खूप मोठी आणि शुद्ध. या मुशी छान वाजतात हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि १९८० च्या दशकात त्या वाद्य म्हणून विकल्या जाऊ लागल्या.

'प्राचीन तिबेटी' परंपरा किती प्राचीन?

काशाचे वाडगे हिमालयाच्या परिसरात जुने आहेत यात वाद नाही. नेपाळमध्ये आणि आसपास ते जेवायला, धान्य ठेवायला वापरले जात. पण काठावर दांडी फिरवून, लोकांना आडवं झोपवून उपचार करण्याची पद्धत तिबेटी मठांमध्ये होती, याचा आधार मिळत नाही. तिबेटी बौद्ध विधींमध्ये घंटा, झांजा, ढोल आणि माणसापेक्षा लांब कर्णे असतात. जपान आणि चीनमधल्या देवळांत वाडग्याच्या आकाराची घंटा असते खरी, पण ती टोला देऊन वाजवतात.

'तिबेटी बाऊल' हे नाव पाश्चात्त्य जगात पसरलं ते मुख्यतः एका रेकॉर्डमुळे. हेन्री वुल्फ आणि नॅन्सी हेनिंग्ज या दोघांचा 'टिबेटन बेल्स' हा अल्बम १९७२ मध्ये आला. ते दिवस हिप्पींचे होते, काठमांडूला जाणाऱ्या बसगाड्यांचे होते. अल्बम गाजला, पर्यटक वाडगे मागू लागले आणि बाजारातल्या दुकानदारांनी मागणीनुसार कहाण्याही पुरवल्या. २०२० मध्ये कॅनडाच्या 'टोरांटो स्टार' या वृत्तपत्रात एका तिबेटी व्यक्तीचा लेख आला होता. त्याचा रोख स्पष्ट होता : हे बाऊल तिबेटी नाहीत, आमच्या नावावर ते खपवणं थांबवा.

आजच्या साउंड बाथचा चेहरा पाहायचा तर अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात जावं लागेल. तिथे लँडर्स गावात 'इंटिग्रेट्रॉन' नावाचा पांढरा लाकडी घुमट आहे. जॉर्ज व्हॅन टॅसल या, आधी विमान कंपन्यांत काम केलेल्या माणसाने १९५० च्या दशकात तो बांधायला घेतला. शुक्र ग्रहावरून आलेल्या पाहुण्यांनी आपल्याला ही कल्पना दिली आणि हे यंत्र माणसाच्या पेशी पुन्हा तरुण करेल, असं तो सांगायचा. १९७८ मध्ये तो वारला. यंत्र काही चाललं नाही, पण घुमटात आवाज विलक्षण घुमतो. पुढे तीन बहिणींनी ती वास्तू विकत घेतली आणि तिथे क्वार्ट्झ बाऊलचे साउंड बाथ सुरू केले. २०१८ मध्ये तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत झाली. पेशी दुरुस्त करायला बांधलेल्या घुमटात आज लोक तासभर आडवे पडतात आणि ताजेतवाने होऊन बाहेर येतात.

भारतातल्या जाहिराती तिबेटऐवजी 'नादयोगा'चा दाखला देतात. नादाचा विचार भारतात खरोखरच खोल आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात, म्हणजे आजच्या दौलताबादला, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात आहत आणि अनाहत नादाची चर्चा आहे. शार्ङ्गदेवाचं घराणं वैद्यकाचं जाणकार होतं आणि त्याच ग्रंथात मानवी देह कसा घडतो यावर एक प्रकरणही आहे. 'हठयोगप्रदीपिके'च्या चौथ्या उपदेशात नादानुसंधान येतं. पण तिथे साधक कान झाकून आतला नाद ऐकायचा प्रयत्न करतो. दुसऱ्याने वाजवलेले वाडगे मॅटवर पडून ऐकणं हा निराळा प्रकार आहे.

नवं असणं हा काही दोष नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी जन्मलेली गोष्टही उपयोगी असू शकते. अडचण एवढीच, की 'हजारो वर्षांचा अनुभव' हा पुरावा म्हणून पुढे केला जातो आणि तो अनुभवच अस्तित्वात नसतो. मग उरतो तो आजचा पुरावा.

संशोधन काय सांगतं?

सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासाचा. तामारा गोल्ड्सबी आणि सहकाऱ्यांनी ६२ जणांना सिंगिंग बाऊलच्या सत्राआधी आणि नंतर प्रश्नावली भरायला दिली. सत्रानंतर ताण, राग, थकवा आणि उदासपणा कमी झाल्याचं दिसलं. ज्यांनी असं सत्र पूर्वी कधीच केलं नव्हतं त्यांचा ताण विशेष कमी झाला.

ऐकायला छान, पण एक गोष्ट त्यात नव्हती : तुलनेसाठी दुसरा गट. त्याच खोलीत, त्याच मंद उजेडात, तितकाच वेळ मोबाइलशिवाय नुसतं पडून राहिलेल्या माणसांचा ताण किती उतरला असता? घर, ऑफिस, लोकलची गर्दी यांतून सुटून तासभर कुणी काही न मागता पडू दिलं, तर बहुतेकांना बरंच वाटेल. हे बाऊलचं श्रेय की पडून राहण्याचं, हे या अभ्यासातून कळत नाही.

२०१४ चा, जयन लँड्री यांचा अभ्यास या बाबतीत सरस आहे. त्यात ५१ जणांनी दोन वेगवेगळ्या वेळी भाग घेतला. एकदा १२ मिनिटं बाऊलचा आवाज आणि मग २० मिनिटं सूचनांनुसार शिथिलीकरण, दुसऱ्यांदा १२ मिनिटं शांतता आणि मग तेच शिथिलीकरण. बाऊल ऐकल्यावर वरचा रक्तदाब आणि हृदयाचे ठोके शांततेच्या तुलनेत जास्त उतरले. म्हणजे आवाजाची काहीतरी वेगळी भर असावी. पण हा परिणाम त्या वेळेपुरता मोजलेला आहे. यावरून रक्तदाबाचा आजार बरा होतो असं म्हणता येत नाही. दुपारच्या झोपेतही रक्तदाब उतरतो.

२०२० मध्ये जेसिका स्टॅनहोप आणि फिलिप वाइनस्टाइन यांनी तोवरचं सगळं संशोधन गोळा करून तपासलं. निकषांत बसणारे अभ्यास निघाले फक्त चार. परिणाम आशादायक दिसतात, पण उपचार म्हणून शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर काही छोटे अभ्यास आले आहेत. पण नवं औषध बाजारात आणण्याआधी ज्या पायरीची चाचणी लागते, तशी मोठी चाचणी या पद्धतीच्या वाट्याला आलेली नाही.

संगीताबद्दलचा पुरावा मात्र यापेक्षा बराच पुढे गेलेला आहे. शस्त्रक्रियेआधीच्या भीतीवर संगीताचा काय परिणाम होतो, याचा कोक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये घेतलेला आढावा २६ चाचण्या आणि २,०५१ रुग्णांवर आधारलेला होता. संगीत ऐकलेल्या रुग्णांची चिंता कमी झाली होती. त्यामुळे आवाजाने मन शांत होतं ही गोष्ट भाबडी नाही. हार्वर्डचे डॉक्टर हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ मध्ये 'रिलॅक्सेशन रिस्पॉन्स' ही कल्पना मांडली होती. एखाद्या शब्दावर, सुरावर किंवा श्वासावर शांतपणे लक्ष ठेवलं की श्वास मंदावतो, ठोके उतरतात, स्नायू सैलावतात. जप, प्रार्थना, ध्यान यांत हेच होतं. बाऊलचा सूर हा त्याच दारातून आत जाणारा आणखी एक पाहुणा असण्याची शक्यता खूप आहे.

'फ्रिक्वेन्सी'चं गौडबंगाल

खरा घोळ सुरू होतो तो आकड्यांपासून. ५२८ हर्ट्झ डीएनए दुरुस्त करते, ४३२ हर्ट्झ ही विश्वाची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी, ३९६ ने भीती जाते. यूट्यूबवर असे आठ-आठ तासांचे व्हिडिओ आहेत आणि साउंड बाथच्या जाहिरातींतही हे आकडे सर्रास येतात.

यातले ५२८ आणि ३९६ हे आकडे मध्ययुगीन ख्रिस्ती भिक्षूंच्या गायनातून आल्याचं सांगतात. प्रत्यक्षात ते लोकप्रिय झाले १९९९ मधल्या एका अमेरिकी पुस्तकातून. जोसेफ पुलिओ यांनी बायबलमधल्या आकड्यांवर अंकशास्त्राची बेरीज-वजाबाकी करून ते काढले आणि लिओनार्ड होरोविट्झ यांच्यासोबत ते छापले. मध्ययुगातल्या भिक्षूंना ५२८ हा आकडा कळणं शक्यच नव्हतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि तेव्हा ती मोजायचं साधनच नव्हतं. शिवाय सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप आहे. दिवसाचे ८६,४०० ऐवजी एक लाख भाग केले असते, तर तोच सूर वेगळ्या आकड्याचा झाला असता. पेशींना आपलं घड्याळ माहीत नसतं.

४३२ विरुद्ध ४४० या वादाचंही तसंच. १९३९ मध्ये लंडनमधल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत वाद्यवृंदांच्या सोयीसाठी ४४० हा आकडा ठरला. त्याआधी शहरागणिक सूर वेगळा असे. भारतीय संगीतात तर षड्ज आजही गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो, कुणाचा काळी एक तर कुणाचा काळी पाच. विश्वाचा एकच सूर असता तर किराणा घराण्यापासून जयपूरपर्यंत सगळेच कधीचे बेसूर ठरले असते.

मेंदूच्या लहरींचा दाखलाही वारंवार येतो. साउंड बाथमध्ये मेंदू 'अल्फा' अवस्थेत जातो, असं सांगतात. जातोही. पण नुसते डोळे मिटून शांत बसलं तरी अल्फा लहरी वाढतात. हे जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२० च्या दशकात मेंदूचे पहिले आलेख काढले तेव्हाच दिसलं होतं.

आणखी एक युक्तिवाद ऐकायला फार पटतो : आवाजाने मुतखडा फुटतो, मग आवाजाने आजार का जाणार नाही? मुतखडा फोडणारं यंत्र १९८० मध्ये म्युनिकमध्ये पहिल्यांदा रुग्णावर वापरलं गेलं. ते शरीराबाहेर तयार केलेले जोरदार आघात एका छोट्या बिंदूवर एकवटतं आणि खडा कुठे आहे हे आधी चित्रात पाहून नेम धरतं. सोनोग्राफीचा आवाज तर काही दशलक्ष हर्ट्झचा, माणसाला ऐकूच न येणारा. बाऊलचा आवाज काहीशे हर्ट्झचा, खोलीभर पसरलेला, मॅटवरच्या सगळ्यांना सारखाच पोचणारा. दोन्हींना 'ध्वनी' म्हणतात, एवढंच साम्य. देवघरातली समई आणि डोळ्याच्या ऑपरेशनचा लेझर या दोन्हींना 'प्रकाश' म्हणतात, तसं.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण 'पेशी दुरुस्त होतात' यावर विश्वास ठेवणारा माणूस गाठीची तपासणी पुढे ढकलतो. 'नैराश्य मुळापासून जातं' असं ऐकलेली मुलगी गोळ्या स्वतःच्या मनाने थांबवते. नैराश्याची काही औषधं अचानक बंद केली तर चक्कर, अस्वस्थता, झोपमोड असे त्रास होतात आणि आजार उलटण्याचा धोका असतो. अपस्माराच्या गोळ्या अचानक थांबवणं तर जिवावर बेतू शकतं. वाडग्याने कुणाचं नुकसान होत नाही. त्याच्या नादात लांबलेल्या उपचारांनी होतं.

भारतात १९५४ पासून औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. कर्करोग, मधुमेह, अपस्मार, रक्तदाब अशा आजारांची यादीच त्याला जोडलेली आहे. ते बरे करण्याचे दावे जाहिरातीत करता येऊ नयेत, हा त्याचा उद्देश. म्हणूनच अनुभवी आयोजक 'उपचार' हा शब्द टाळून 'हीलिंग' म्हणतात. त्या शब्दात काहीही बसतं.

कुणी जपून जावं?

बहुतेक निरोगी माणसांना साउंड बाथने काही अपाय होत नाही. तरी काहींनी आधी डॉक्टरांशी बोलावं. अपस्मार असलेले लोक, कानात सतत गुणगुण ऐकू येणारे किंवा आवाज सहन न होणारे लोक, श्रवणयंत्र वापरणारे, गर्भवती. पेसमेकर किंवा शरीरात धातूची पट्टी असेल तर कंप पावणारा बाऊल थेट अंगावर ठेवू देऊ नये. मोठ्या आघातातून गेलेल्या माणसाला अंधारात, डोळ्यांवर पट्टी बांधून, अचानक उठणाऱ्या गाँगच्या गडगडाटात शांत वाटण्याऐवजी घाबरायला होऊ शकतं. अशा वेळी उठून बाहेर जाण्यात काही गैर नाही. 'हे दडलेलं दुःख बाहेर पडतंय, थांबा' असं कुणी म्हटलं तरी थांबायची सक्ती नाही.

आवाजाची पातळीही पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० चा ४ तास आणि १०० चा जेमतेम २० मिनिटं. बाऊल सहसा या मर्यादेत राहतात. गाँग जोरात वाजवला आणि मॅट अगदी त्याच्यासमोर असली तर गोष्ट वेगळी. मागच्या रांगेत जागा घेणं हा सोपा उपाय. मोबाइलवरच्या मोफत अॅपने साधारण अंदाज येतो, अर्थात तो बंद करायला सांगण्याआधी मोजला तर.

जायचं असेल तर

ताण उतरावा, तासभर कुणी हाक मारू नये, एखादा सुंदर आवाज अंगभर ऐकावा, यासाठी पैसे द्यावेसे वाटले तर खुशाल द्यावेत. मालिश करून घेण्यासाठी किंवा मैफलीला जाण्यासाठीही लोक पैसे देतातच, आणि त्यातून आजार बरा व्हावा अशी अट घालत नाहीत. हलकं जेवून जावं, थंडी वाजते म्हणून पांघरूण न्यावं, शिकवणाऱ्याच्या प्रमाणपत्राला फार भाव देऊ नये. भारतात या कामासाठी कुठला सरकारी परवाना लागत नाही आणि प्रमाणपत्रं दोन दिवसांच्या कार्यशाळेतही मिळतात.

खर्च करायचा नसेल तर घरीही बरंच जमतं. तानपुऱ्याचं मोफत अॅप लावून, दिवा मालवून वीस मिनिटं पडून राहिलं तरी शरीराला जवळपास तीच सवलत मिळते. भ्रामरी प्राणायामाचा गुंजारव तर स्वतःच्याच गळ्यातला. गुणगुणत श्वास सोडताना नाकातल्या नायट्रिक ऑक्साइडचं प्रमाण नेहमीच्या उच्छ्वासाच्या सुमारे १५ पट होतं, असं स्वीडनमधल्या संशोधकांना २००२ मध्ये आढळलं होतं. यावरूनही कुणी रोगमुक्तीचे दावे करू नयेत, पण ते करायला तिकीट लागत नाही.

पैसे भरण्याआधी आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारावा : "माझ्या गोळ्या चालू आहेत, त्यांचं काय करू?" "त्या तशाच चालू ठेवा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका," असं उत्तर आलं तर मॅट घेऊन जायला हरकत नाही. "दोन-तीन सत्रांनंतर लागणारच नाहीत," असं म्हणाले, तर ती जागा सोडावी आणि भरलेलं शुल्क परत मागावं.